ढेपीचा उपाय

केस वाढवायचे घरगुती उपाय मले सांगू नका. आमच्या देवळीच्या घरी माझ्या लग्नाळू दिराचे, सुधाकरचे, केस विरळ झालते. मुलगी पाहायले आठवडा उरला, तं हा सरकीची ढेप भिजवून डोक्यावर थापायचा. वासापायी सासूबाई घरात बसू देत नव्हत्या, म्हणून गोठ्यात बसायचा.

मी म्हटलं, "भाऊजी, ढेप म्हशीले घालतात."

"वहिनी, ढेपीनं म्हशीचं दूध वाढते, मग माणसाचे केस काऊन नाई वाढणार?"

तिसऱ्या दिवशी त्याले तिथंच डुलकी लागली. म्हशीनं मागून डोकं असं चाटलं, का ढेपीसंगं उरलेसुरले केसही गेले.

मुलगी पाहायले टोपी घालून निघाला, तरी म्हणे, "वहिनी, उपाय पक्का होता."

"पक्काच होता, भाऊजी. म्हशीचं दूध वाढलं अन् तुमचं कपाळ."