दोन्ही अंदाज बरोबर

च्या प्या निवांत, पर आधी माझ्या मेव्हन्याचं ऐका. राहुरीला असतो, मोबाईलवर हवामानाचा ग्रुप चालवतो. परवा आमचा काढलेला कांदा वावरात पडलेला, आन् ह्याचा मेसेज आला, 'उद्या जिल्ह्यात वादळी पाऊस. कांदा झाका.'

बायको म्हनली, "झाका. माझा भाऊ कधी चुकत न्हाई."

झाकला बाबा! दुसऱ्या दिवशी ऊन असलं, की ताडपत्रीला हात लावला तर चटका बसावा. ढग औषधाला न्हाई. खाली कांद्याला पार घाम फुटला, वास मारायला लागला.

संध्याकाळी परत मेसेज, 'उद्या कडक ऊन. कांदा पसरून वाळवा.'

सकाळी दोघांनी कंबर मोडस्तोवर पसरला. चार वाजता आमच्या काष्टी गावावर असं वादळ आलं, की ताडपत्री उडून वढ्यात, आन् कांदा सगळा पान्यात.

मी भिजत बांधावरनंच स्पीकरवर फोन लावला. "अरं, तुझा एक तरी अंदाज खरा झाला का?"

"दाजी, दोन्ही झाले की! काल कोपरगावात धो धो पडला. आन् आज हितं राहुरीत काय ऊन हाय म्हनून सांगू!"

"मग काष्टी काय जिल्ह्यात न्हाई व्हय रं?"

"हाय की. पर जरा कडंला पडती, दाजी."

मी तोंड उघडनार, तेवढ्यात शेजारी चिखलात उभी ऱ्हाऊन कांदं येचनारी बायको म्हनली, "बघा! म्हनलं हुतं का न्हाई, माझा भाऊ चुकत न्हाई!"