सलमाचं बारसं

...आणि वर मलाच इचारतात, "भिकाजी, नातीचं नाव सलमा? डोस्कं ठिकाणावर हाय न्हवं?" आता काय सांगायचं ह्यास्नी! आवो, वीस वर्सं जोयडा-रामनगर जीप हाणतोय मी, जीपच्या पाठीवर काय वाट्टेल ते नाव रंगवलं तरी कुणी हूं का चूं केलं न्हाई, आन् नातीचं नाव ठेवलं तर सगळा तालुका जागा! तुम्हाला सांगतो, नाव एकच ठेवायचं असतंय, पण नावं ठेवणारे धा असत्यात!

झालं काय... सून माझी, रेश्मा, दिवस भरलेली. सकाळी धाला कळा सुरू. पोरगा योगेश बेळगावात कामाला. सुनेला घातली जीपमधे, शेजारी माझी थोरली भन सावित्रीअक्का, आन् निघालो रामनगरच्या दवाखान्याला. निम्म्या वाटंत बघतो तर काय? ऐनाचं झाड रस्त्यात आडवं! पलीकडं बस अडकलेली, माणसं खाली उतरून नुसती झाडाकडं बघतायत, जसं काय बघूनच उठंल ते! फोन करावा म्हटलं तर रेंज? आवो, आमच्या रानात गवा दिसंल, रेंज दिसायची न्हाई! मागनं अक्का वरडतीया, "भिक्या, हाण की गाडी!" कुटं हाणू? झाडावर?

तेवढ्यात बसमधली एक बाई फांद्या ओलांडत आली. बारकीशी, चाळिशीची, खांद्याला पिशवी. म्हणाली, "सरका मामा. मी नर्स आहे, सलमा. आता दवाखाना हीच जीप. तुम्ही तोंड तिकडं करा."

केलं. त्या ऐनाकडं बघत उभा राह्यलो... आन् मागं एकदम गप! पोर आलं, पण रडंना. नाळंचा वेढा गळ्याला, पोर निळं पडलेलं. अक्का देवांची नावं घेतीया, ती बी एकात एक मिसळून! मी जीपला टेकलो तर जीप थरथरायला लागली. इंजिन बंद होतं हो! मीच थरथरत होतो! आन् ती बाई? नुसते हात चाललेत. वेढा काढला, तोंड पुसलं, पाठ चोळली, परत चोळली... आन् ट्यांऽऽऽ! बसमधल्या माणसांनी टाळ्या वाजवल्या, तुम्हाला सांगतो! अक्कानं पोर पदरात घेतलं आन् रडत म्हणाली, "आली गं बाई माझी, सहीसलामत आली!"

तितंच मी ठरवलं. म्हटलं, "सिस्टर, तुमचंच नाव ठेवणार." तर ती हसती कशी! "नको मामा. आमच्यात सलमा घरटी एक. माझी जाऊ सलमा, मामी सलमा, कुणी मान वळवून बघत नाही. पण तुमच्या घरात ठेवाल तर लोक नावं ठेवतील." म्हटलं, ठेवू देत!

ठेवली की! बारशाला पाव्हणे जमले, पाळणा सजला, नाव सांगितलं. आन् सगळे सुटले! शिवानंद मेव्हणा म्हणाला, "ते आपल्यातलं नाव न्हवं." कुणी म्हणालं, "शाळंत कसं हुईल?" योगेश माझ्याकडं बघंना. आन् अक्का? उठून उभी! "भाग्यलक्ष्मी ठेवा, न्हाईतर मी ही चालले!" अक्का चालली म्हंजे आमच्याकडं बारसं मोडलं, हे समजा. नाव एक, नावं ठेवणारे धा, आन् धाव्वी सख्खी भन!

तवा पाळण्याजवळनं आवाज आला. रेश्मा! सासऱ्यापुढं वर मान न करणारी पोर! म्हणाली, "अक्का, नाव तर तुम्हीच ठेवलंय."

"मी? कवा?"

"जीपमधे. सहीसलामत आली म्हणालात न्हवं? मी सिस्टरना अर्थ इचारलाय. नाव अरबी हाय, सलाम, सलामत एकाच मुळातनं आलेलं. सलमा म्हंजे सुखरूप, सगळ्या संकटातनं वाचलेली. आन् माझं नाव कुठलं? रेशीम, तेबी फारसी! दोन वर्सं त्याच नावानं हाक मारताय, कुटं बिघडलं?"

अक्का बघतीया पाळण्यातल्या पोरीकडं... पोर बघतीया अक्काकडं. मेव्हणा काय तरी बोलणार, तर अक्का कडाडली, "तू गप रे! त्या बाईनं फास काढला तवा तू होतास?" आन् माझ्या लेकीला, राखीला, म्हणाली, "आत्या न्हवं का तू? वाकून कानात सांग. सलमा म्हण. मोठ्यानं म्हण!" कुर्रर्र! बारशाला बोलावलेली नर्सबाई दाराशी उभी, डोळं पुसत पेढा खात होती. जिंकलो की वो!

त्याला आता चार वर्सं झाली. एवढं रान पेटवून ठेवलेलं नाव, आन् घरात बोलतो काय? ठकू! मी ठकू, योगेश ठकू, रेश्मासुद्धा ठकू. अंगणवाडीत हजेरीला "सलमा" म्हटलं की आमची पोर शेजारणीकडं बघती! सबंध घरात तिला सलमा म्हणणारी एकटी अक्का. परसातनं गाव ऐकंल अशी हाक मारती, "सलमाऽऽ, जेवाय ये गं!" आन् वर मलाच नावं ठेवती, "एवढं झ्याक नाव हाय, ठकू काय म्हणतोस रे मुडद्या!"