देवीपुढची पूड

नाव भुवनेश्वरी, वय ४८, धंदा घरी अप्पळम म्हणजे पापड लाटून विकणे, शिक्षण तिसरी, राहणार राजवाड्यामागची गल्ली, तंजावूर. तारीख १८ ऑक्टोबर १९९९.

ठाण्यात समक्ष विचारल्यावरून सांगते की, वरील पत्त्यावर मी, वडील चिदंबर, थोरला भाऊ सेतुमाधव आणि धाकट्या भावाची बायको विनुता असे राहतो. धाकटा गिरीश मद्रासला नोकरीला आहे. विनुता कॉलेजात बॅटरीसाठी पूड करते. कथिल भाजून पूड करतात, तीत आणखी काहीतरी थोडं मिसळतात, मग ती पुन्हा पुन्हा भरता येणाऱ्या बॅटरीत घालतात. मिसळतात ते काय, मला ठाऊक नाही. मला विचारू नका, तिला विचारा.

आज आयुधपूजा. ज्याच्यावर आपलं काम चालतं ते देवीपुढे ठेवायचं. मी लाटणं ठेवलं. विनुतानं आपली पूड कागदात बांधून ठेवली. आरती झाल्यावर वडिलांनी कागद उघडला. पूड राखेसारखी होती, त्यांना देवळातली विभूती वाटली. कपाळाला लावली आणि चिमूटभर तोंडात टाकली. विनुता म्हणाली, "मामंजी, विभूती नाही ती. थुंका." वडील म्हणाले, "देवीपुढचं थुंकू? पूजेत ओरडू नको गो." वरून तीर्थ घेऊन गिळली. हे मी डोळ्यांनी पाहिलं. सेतुमाधव घरी नव्हता, दुकानाच्या पूजेला गेला होता.

दुपारी वडिलांना उलट्या लागल्या. इस्पितळात नेलं. तिथे सेतुमाधवानं पोलिसांना सांगितलं, सुनेनं विष घातलं. मी म्हटलं, "तू पाहिलंस?" तो म्हणाला, "भुवना, तू गप्प राहा." पोलीस विनुताला इथे घेऊन आले. मागाहून इस्पितळात डॉक्टर आले. म्हणाले, पुडीत काय मिसळलंय ते कळल्याशिवाय औषध कुठलं देऊ? कॉलेज पूजेच्या सुट्टीमुळे बंद. म्हणून मी धावत इथे आले, तर म्हणतात आधी जबाब.

सुनेचं सासऱ्याशी भांडण होतं का, असं विचारल्यावरून सांगते की, भांडण माझ्याशी होतं, सांबारातल्या मिठावरून. वडिलांशी नाही. ते सकाळची कापीही तिच्या हातचीच पितात.

विनुता पलीकडच्या खोलीत बाकावर आहे. फोन या टेबलावर आहे. वडील तिकडे डोळे उघडत नाहीत. लिहिणं नंतरही होतं.

वरील मजकूर हवालदार एकोजीराव यांनी आमच्या मराठीत वाचून दाखवला. सांगितला तसाच आहे. विनुताच्या हातात फोन दिल्याशिवाय सही करणार नाही, असं मी म्हटलं. आता दिला आहे. ती डॉक्टरांना सांगते आहे, मला इथून ऐकू येतं. सही करते.