हसलो म्हणून गैरहजर

आमच्या नेकनूरकडच्या शाळेत आता मास्तरांचीच हजेरी मोबाईल घेतो, हे सांगितलं का तुमाला? साडेदहाच्या आत त्याला चेहरा दाखवायचा, न्हाईतर दिवसभर शिकवूनही गैरहजर.

पहिल्या दिवशी मी नीट भांग पाडून, छान हसून फोनपुढं उभा राहिलो. फोन म्हणाला, "चेहरा ओळखता आला नाही." चष्मा काढला, उजेडात गेलो, अजून हसलो. तेच उत्तर. साडेदहाला दोन मिनिटं राहिली आन् मला घाम फुटला. सगळी चौथी खिडकीतून बघत होती.

फळवाल्या रशीदभाईंची शबाना म्हणाली, "सर, तुमी हसू नका. तुमी हसल्यावर आमीबी तुमाला वळखत न्हाई."

"काय म्हणलीस गं?" मी डोळे वटारून ओरडलो.

"हजेरी नोंदवली," फोन म्हणाला. पोरांनी टाळ्या वाजवल्या.

पोरांनी ते लई मनावर घेतलंय. आता रोज सकाळी सरांना कुणी चिडवायचं, याची पाळी फळ्यावर लिहिलेली असते. उद्यासाठी मुख्याध्यापक बाईंनीबी स्वतःचं नाव लिहिलंय.