चियला रकाना नाही

नाही, चावी नका फिरवू अजून—चहा अर्धा राहिलाय तुमचा, टोकोनकाका, आणि मी काही चाकापुढून हलत नाही, मग इंजिन सुरू करून नुसतं डिझेल जाळण्यात काय अर्थ. प्या. कुरुत घ्या, आईने दह्याचे गोळे वाळवून केलेलं आहे, या खेपेला जरा जास्तच खारट झालंय. ओळखलंत ना मला? उल्कानची जिपारा—हो, तीच, नारीनला जमिनीच्या कचेरीत लागलेली. वाळले? शहरात सगळेच वाळतात. नाही, लग्नाचं नंतर विचारा, आधी हे बघू. तुम्हाला हुकूम काय आहे—या पॉपलरच्या झाडापासून नदीच्या वळणापर्यंत, चाळीस हेक्टर, नांगरून द्यायचं, वसंतात बटाटे लावायचे, बरोबर? रिकामी जमीन म्हणून. बरं, मग बघा ना जरा वर मान करून. ही रिकामी आहे? तुम्ही घोड्यावर बसून आत गेलात तर तुमची टोपीसुद्धा दिसणार नाही बाहेरून, एवढं चिय माजलंय इथं, आणि कागद म्हणतो रिकामी.

गवत ते गवत म्हणता? तुम्ही म्हणता? त्या मोठ्या वादळात, मी चौथीत होते तेव्हा, तुमच्या साठ मेंढ्या सापडल्या कुठे? इथेच, चियच्या बुडख्यांआड, एकमेकींना चिकटून, पाठीवर वीतभर बर्फ आणि साठच्या साठ जिवंत. तुम्ही तेव्हा आमच्या घरी येऊन रडला होता—बरं, रडला नव्हता, डोळ्यांत बर्फ गेला होता. काय फरक पडतो. आणि विहीर? गावात विहीर खणायची तर म्हातारे काय बघायचे, यंत्र? चिय बघायचे. जिथं चिय दाट तिथं दोन माणसं खोल पाणी. हे मला कॉलेजात चार वर्षं शिकवलं, पुस्तकातून, आणि इथं शेंबड्या पोराला माहीत असतं. पण पुढचं ऐका, हे पोराला माहीत नसतं—पाणी वर आहे म्हणजे मीठही वर आहे. चियची मुळं ते मीठ खाली दाबून धरतात, असं समजा. तुम्ही ती उपटलीत, वर पाट सोडलात, की पाण्याबरोबर मीठ चढणार. पहिल्या वर्षी बटाटा येईल, छान येईल, फोटो काढतील. तिसऱ्या वर्षी जमीन पांढरी. मग ना बटाटा ना चिय, आणि ज्याने ही भाड्याने घेतलीय तो शहरातला माणूस दुसरीकडे जाईल जमीन घ्यायला. माझा शेवटच्या वर्षाचा निबंधच होता यावर, म्हणून सांगते, बढाई नाही मारत.

हो, आई आत आहे. सकाळी गाढव घेऊन गेली, काड्या काढायला. म्हणूनच तर धावत आले, चपला बघा माझ्या, तुमच्या ट्रॅक्टरचा आवाज ऐकला आणि भांडी तशीच टाकून आले. हाक मारू? मारते. मारते ना. एवढी काय घाई, तुम्हाला मजुरी दिवसाची मिळते, तासाची नाही. आणि तिला ऐकू येत नाही आत, पानं सळसळतात—हो, माहीत आहे, तिचे कान तुमच्याहून चांगले आहेत. मारते म्हटलं ना.

हाक मारली की ती विचारणार, याला कुणी पाठवलं. म्हणून.

कचेरीने पाठवलं, हो. कचेरी म्हणजे काय पण? कचेरी म्हणजे टेबल, एक शेगडी, आणि एक फॉर्म. फॉर्मवर चार रकाने असतात काका—लागवडीची, कुरण, दलदल, निरुपयोगी. चियला रकानाच नाही. कुरण म्हणावं तर मेंढ्या ते उन्हाळ्यात तोंडाला लावत नाहीत, पानांनी जीभ कापते. दलदल नाही. लागवड तर नाहीच. मग तपासणीला येणारं माणूस काय करतं—पाय ओले नको म्हणून गाडीतूनच बघतं, मार्च असतो, वारा असतो, नुसत्या पिवळ्या काड्या दिसतात, आणि चौथ्या रकान्यात खूण करून निघून जातं. काच खाली करून बघायला सांगितलं होतं ड्रायव्हरने, बाहेर थंडी होती म्हणून नाही केली. काय? मला कसं माहीत काच केली नाही?

तुमच्या खिशातला हुकूम उघडलात तुम्ही? दुसरं पान. नाही उघडलं. कोण उघडतं. नका उघडू, मीच सांगते. खाली सही आहे ती माझी आहे.

असं बघू नका. बसा. चूक झाली म्हणाले असते मी, सगळे तेच म्हणतात, आणि तुम्ही मान हलवली असती, नवीन पोरगी आहे, झाली चूक. पण मला तर सगळं माहीत होतं ना, आत्ता तुम्हाला सांगितलं ते सगळं, मीठ, पाणी, तिसरं वर्ष. चूक ती करतो ज्याला माहीत नसतं. मग का? तेच तर—आता तोंड उघडलंच आहे तर ऐका, आणि गावात चहा पिताना सांगत सुटू नका.

आईचे हात बघितलेत? काडी ओढली की पान फिरून तळव्यावर येतं. आम्ही लहानपणी तिच्या हातावर मेंढीची चरबी चोळायचो, मी आणि भाऊ, एकेक हात वाटून घेतलेला. मग ती त्याच हातांनी काडी सोलणार, आणि एकेका काडीला रंगीत लोकर गुंडाळणार, या बोटापासून इथवर लाल, मग काळा, मग पांढरा, अशा चारशे काड्या, आणि चारशे ओळीने बांधल्या की मग कुठे त्यात नक्षी दिसते. एक पडदा, एक अख्खा हिवाळा. आणि मुलगी काय शिकून आली? मुलीला वाटलं, हे थांबवायचं. बाई म्हणून जगायला दुसरं काही असतं की नाही? तर मी तिला नेलं नारीनला, गेल्या हिवाळ्यात. खोली गरम, नळाला पाणी, टीव्ही. तिसऱ्या दिवशी कामावरून आले तर घरात झाडू नाही. दोन होते, दोन्ही नाहीत. तिने सोडले होते काका, झाडूही चियचेच ना—काडी न् काडी वेगळी करून, माझा मफलर उसवून त्याची लोकर गुंडाळत बसली होती खिडकीत. मी ओरडले. खूप ओरडले. मी म्हटलं, आई, त्या गवतापलीकडे तुला काही दिसतच नाही का, मीसुद्धा? तर म्हणाली, झाडू मी तुला नवा पाठवीन. अकराव्या दिवशी गाडीत बसून परत आली.

आणि मार्चमध्ये तो फॉर्म माझ्या टेबलावर आला.

मला वाटलं, चियच नसेल तर ती येईल. एवढं साधं वाटलं. राहील माझ्याकडे, हात बरे होतील. मीठ, पाणी, निबंध—सगळं डोक्यात होतं, आणि तरी हाताने खूण केली. आणि तेव्हा असंही वाटलं की कागद कागदातच राहतील, आमच्याकडे राहतातच, या कचेरीतून एखादी गोष्ट खरंच बाहेर पडून नांगर होऊन येईल असं कुणाला वाटतं? हसू नका. हसा, हसा, मीही हसले असते.

काल रात्री जेवताना ती काय म्हणाली माहीत आहे? म्हणाली, वळणावरच्या बुडख्यांना या वर्षी हात लावायचा नाही, थकलीत ती, त्यांना दोन वर्षं झोपू द्यायचं—सगळ्या बायकांचं ठरलंय. अशी ठेवतात त्या, रजिस्टर नाही, रकाना नाही, कोणतं बुडखं कधी काढलं सगळं तोंडपाठ. आणि मी तळलेले बोरसोक चहात बुडवत नुसतं हं हं करत होते. मी चार वर्षं जे शिकले ते ती ताटावर बसून बोलत होती, आणि तिच्या जमिनीला निरुपयोगी म्हणून सही करून मी तिच्याच हातचं खात होते.

काय करू म्हणता? दुसरा कागद लिहिते. लिहिलाय, हा बघा, पोरांच्या वहीचं पान आहे पण तारीख आहे, सही आहे—माझी तपासणी खोटी, जागेवर न उतरता केली, नांगरणी थांबवावी. हा तुम्ही नेऊन द्यायचा साहेबांना, आणि आजचा दिवस नांगर लावायचा नाही. नोकरी जाईल, हो. जाऊ दे. मी पोरकट आहे असं नका समजू, मला माहीत आहे नोकरी गेल्यावर घरी बसून कसं वाटणार आहे. पण एक दिवस थांबाल ना? साहेब ओरडले तर माझं नाव सांगा, सांगायला काही कठीण नाही, दोन्ही कागदांवर तेच आहे. थांबाल? तोंडाने बोला, मान नको. बरं.

तो कोपरा बघा. नाही, त्या बाजूला—वारा असता तर सगळंच हललं असतं, तिथं एकच बुडखं हलतंय. येतेय. गाढव पुढे, भारा केवढा आहे, तिचं डोकंही दिसत नाही त्यामागे. आणि बघा, आधी ट्रॅक्टरकडे बघेल, मग तुमच्याकडे, मग माझ्याकडे, या क्रमाने.

बघितलं.

नाही, तुम्ही काही सांगू नका. कचेरीचं नाव घेऊ नका, चुकीचा पत्ता होता वगैरे काही जुळवू नका, तुम्हाला जमतही नाही ते. काका, तुम्ही जरा नदीकडे जाऊन या. पाणी भरून आणा, काहीतरी करा. माझ्याकडे काय बघताय—जा म्हणते ना. हे मला तिला एकटीलाच सांगायचंय.