‘यू’ म्हणजे कोण?

—नको, पासपोर्ट इतक्यात नेऊ नकोस, कुलदीप. बस आधी. साहेबांनी काय सांगितलं तुला? दोघी दुभाषी रशियाला चालल्यात, तनुजाताई आणि करिष्मा – असंच ना? सांगणारच! काल मीटिंगमध्ये तो रशियन इंजिनिअर, सेर्गेई, त्याच्या भाषेत बोलला, त्याचं इंग्रजी मीच केलं – यू विल कम विथ अस. साहेबांनी आम्हा दोघींकडे बघून मान डोलावली. झालं!

आता बघ, तुला मी तू म्हणते, साहेबांना तुम्ही. रशियनमध्येही तसंच – ‘वी’ म्हणजे तुम्ही, ‘ती’ म्हणजे तू – हसू नकोस, खरंच ‘ती’. इंग्रजीत मात्र सगळ्यांना एकच यू – धाकटा असो, मोठा असो, एक असो, दहा असोत. कसं पोचवायचं सांग? सेर्गेई चाकणला आला तेव्हापासून त्याचा शब्द न् शब्द मी उचललाय – प्रेस मशीन बंद पडलं तेव्हा, कामगार भडकले तेव्हा, हा तापाने फणफणला तेव्हा डॉक्टरसमोरसुद्धा – आणि मला अजून ‘वी’. करिष्मा आली दिवाळीनंतर. काल ते वाक्य तिच्याकडे बघून सरळ – ‘ती’! म्हणजे बोलावलं तिला एकटीलाच.

मला काय करायचंय म्हणा. मोशीला माझं घर आहे, नवरा आहे, सगळं आहे. पण आवाज कसा झाला होता त्याचा – मशीनबद्दल बोलताना नाही होत तसा कुणाचा. आणि ते वाक्य माझ्या तोंडून यावं? ‘यू, करिष्मा’ म्हणता आलं असतं. नाही म्हटलं. चूक नाही हं ती – शब्दाला शब्द बरोबर आहे, कुणालाही विचार!

तिला कळलं होतं. रशियन चांगलं येतं तिला, माझ्यापेक्षा – बरं येतं. तिथल्या तिथे बोलली असती तर भांडले असते मी. बोललीच नाही. नंतर जिन्यात माझा हात धरून म्हणते, ‘ताई, बरं झालं, दोघी जाऊ.’ दोघी जाऊ! माझी कीव करते, कालची पोरगी!

रात्रभर तोच हात – जाऊ दे. तिचाच पासपोर्ट ने. माझा ठेव इथे. साहेबांना? सांग, ताईंना थंडी सोसत नाही. असा बघू नकोस माझ्याकडे – डोळ्यात काही गेलं नाहीये. जा तू. जाताना दार लोटून घे.