पाठकोरा अर्ज

वसतिगृहाच्या कारकूनबाई खिडकीआड शिक्क्याला शाई लावत होत्या. बाहेर रांगेत दोघीच होत्या. एक खोली बदलून मागायला आलेली, दुसरी तिच्याच खोलीतली, सोबत म्हणून.

"अर्जात कारण काय लिहिलंस?"

"गांडुळं."

"नुसतं गांडुळं?"

"पलंगाखाली बादलीत आठशे गांडुळं, असं."

"सहाशे. आणि ती कचरा खातात, तुला नाही खात."

"माझे मोजे खाल्ले."

"सुती होते म्हणून. त्यात तुझं कौतुकच आहे."

"अंघोळीचं पाणी झाडांना घाल, माझं काही म्हणणं नाही. पण मी आत असताना दार वाजवत जाऊ नकोस."

"झाडं खोळंबतात गं."

"खोळंबू देत."

"बरं. मी घरी गेले की गांडुळांना केळ्याची सालं कोण घालणार?"

"मीच येईन की. दुसऱ्या कुणाला जमणार आहे? त्या जाडीला तर बारीक करून द्यावं लागतं."

"कुठल्या जाडीला?"

"आहे एक. तू नाही ओळखणार."

बाईंनी हात पुढे केला. "अर्ज आणा. हा पाठकोऱ्या कागदावर का लिहिलाय?"

"ही कोरा कागद घेऊ देत नाही, मॅडम."

बाईंनी कागद उलटला. मागे गेल्या वर्षीच्या अर्जाची झेरॉक्स होती : ‘आम्हा दोघींना एकाच खोलीत ठेवावे, ही नम्र विनंती.’ खाली दोघींच्या सह्या.

बाईंनी त्यावरच ‘मंजूर’ उमटवलं.

"मॅडम, ती जुनी बाजू आहे."

"राहू दे. परत मारायचा म्हणजे शाई वाया."